पाचात एक लाल

किरण मास्तरांनी चार कोऱ्या, न रंगवलेल्या धाग्याच्या आणि एक लाल धाग्याची अशा पाच बॉबिनी पोत्यात टाकल्या, पोतं दोनदा हलवलं आणि त्याचं तोंड मुठीत आवळून धरलं. कारखान्यात काम आटलं होतं. पाच बायकांपैकी एकीला घरी बसवायचं होतं, आणि ती कोण हे स्वतः ठरवण्याची मास्तरांची छाती नव्हती.

"जिची लाल निघेल ती उद्यापासून येणार नाही. कोण पहिली?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उज्ज्वलाला हसू आलं. बारावीपर्यंत तिचं गणित पक्कं होतं.

"पहिली काय नि शेवटची काय, सारखंच असतं हो," ती म्हणाली. "प्रत्येकीला पाचात एक. मी शेवटी काढते."

तिची सासू भागीरथी शेजारीच उभी होती. तिनं सुनेकडे पाहिलं, मग पोत्याकडे.

"ऱ्हावू दे तिले मांगे."

लिंबायतच्या वस्तीतल्या त्यांच्या एका खोलीत सासूला विचारल्याशिवाय उज्ज्वलाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नसे. साड्यांच्या घड्या घालायचं हे काम लागलं तेव्हा कुठे ती चार माणसांत बोलू-हसू लागली होती. हे सुटू नये म्हणून तिनं मनातल्या मनात कानबाईला हात जोडले.

इंदुबाईनं कोरी काढली. प्रमिलाबाईनं कोरी. शोभाबाईचीही कोरीच निघाली. आता निम्मं-निम्मं.

भागीरथीनं हात घातला. तो बराच वेळ आतच राहिला. पोत्याच्या कापडाखाली तिची बोटं एका बॉबिनवरून दुसरीवर गेली, परत आली. मग हात बाहेर आला. कोरी.

उरलेली काढायची काही गरज नव्हती. तरी मास्तरांनी पोतं पुढे केलं आणि उज्ज्वलानं लाल बॉबिन काढून त्यांच्या हातात दिली.

ती पाणी प्यायला गेली, तशी इंदुबाई मागोमाग आली.

"येडी का गं तू, शेवटी कशाला थांबलीस? कोरा धागा बोटाला तेलकट लागतो, रंगवलेला कोरडा. बॉबिन भरून भरून आमचे हात झिजले, आम्हाला डोळे मिटून कळतं. तू घड्यांवरची, तुला कुठून कळणार? पण सासूनं तरी कानात सांगायचं ना!"

उज्ज्वलानं मागे वळून पाहिलं. भागीरथी बॉबिन भरायच्या मशीनवर बसलीही होती.

"उद्या सकायपासून मन्हा डबा दुफारले घरून ल्ही येत जाय," ती मान वर न करता म्हणाली. "आनि रस्तामा कोठे उभी ऱ्हाऊ नको."