मौनगिरींची बोलकी सुकेळी

१९७८ सालच्या आषाढात सारं आगाशी गाव बावखलाच्या काठावर लोटलं होतं. वाड्यांना पाणी पुरवणारं हे तळं काठोकाठ भरलेलं, आणि एक बेडूक ओरडेल तर शपथ!

"हा आमचा मौनमंत्र!" मौनगिरी महाराज गरजले. नाव मौनगिरी, पण तोंडाला घडीची उसंत नव्हती. "समाधी मोडली म्हणून बेडकांची वाचा काढून घेतली. उद्या कावळ्यांची काढू, परवा व्याह्यांची!"

शांताचा नवरा आत्माराम टाळ्या पिटून दमला. शांताही टाळ्याच पिटत होती, पण डासांवर. बेडूक मुके झाल्यापासून डास नुसते माजले होते आणि घरोघर माणसं हिवतापानं कुडकुडत होती.

त्यावरही महाराजांकडे तोड होती. "डास हा बावखलाचा दोष. सोमवारी बावखल बुजवून टाका!"

शांता नवऱ्याकडे वळली. याच पाण्यावर तिची राजेळी केळीची वाडी उभी होती.

"अवो, मग वाडी शिंपायची कशानं?"

"महाराज बघतील," आत्माराम म्हणाला.

तेवढ्यात महाराजांच्या दोन बांधलेल्या टोपल्या गावातल्या सॅन्टन टांगेवाल्याच्या टांग्यात चढू लागल्या. रोजच चढायच्या. "मुंबईच्या भक्तांना सुकेळीचा प्रसाद," महाराज म्हणाले. "आजच वाळवली, अगदी ताजी!"

शांता थबकली. सुकेळी करण्यात तिचा जन्म गेला होता. सोललेली राजेळी कडक उन्हात दिवसचे दिवस वाळवावी लागते. इथे पंधरा दिवसांत उन्हाची तिरीप नव्हती, तिचं लुगडंसुद्धा चुलीवर वाळत होतं.

"महाराज, सुकेळी वाळवली कुठं?"

"आमच्या तपाच्या तेजावर!"

"मग माझं लुगडंही वाळवा की!"

गर्दीत खसखस पिकली. तोच टोपली म्हणाली, "डराँव!"

"सुकेळी बोलली!" आत्मारामनं हात जोडले. "चमत्कार!"

शांतानं कपाळाला हात लावला आणि दोरी सोडली. चाळीसएक बेडूक टणाटण बाहेर आले. एक महाराजांच्या जटेत बसला. तो काढायला आत्माराम धावला, तर बेडकासकट जटाच हातात आली. महाराजांच्या आसनाखालून बेडूक धरायचं जाळंही निघालं.

"आयला! रोज मीच या बेडकांना स्टेशनावर पोचवत होतो!" सॅन्टन म्हणाला. "बेडकाच्या तंगड्या परदेशात चवीनं खातात म्हणे."

महाराजांना आयुष्यात पहिल्यांदा मौन साधलं.

शांता मात्र भडकली होती. "दोष कसला डोंबलाचा? बेडूक डास गिळतो, धामण बेडूक गिळते, म्हणून कुणीच माजत नाही. डासांना खाणारी तोंडं यानं पळवली, म्हणून डास वाढले. तापाला डॉक्टरांच्या गोळ्या घ्या. आणि बावखलाला फावडं लावाल तर गाठ माझ्याशी आहे!"

बेडूक पाण्यात सोडले. थोड्याच वेळात बावखलातून "डराँव" आलं आणि सवयीनं आत्मारामचे हात जुळले.

"जोडा, खुशाल जोडा," शांता म्हणाली. "पण यापुढं आधी टोपली उघडायची, मग हात जोडायचे."