बावीस मंगळवार

तीस वर्षं नाटकांत काढलेल्या मावशींना एका विनोदी सिनेमात काम आलं, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "संवाद किती?"

"एकच," दिग्दर्शिका म्हणाली. "पण बावीस वेळा."

सिनेमाचा नायक एका मंगळवारात अडकलेला. कितीदाही झोपून उठला तरी मंगळवारच. रोज तो दार उघडतो, तेव्हा समोरची शेजारीण दुधाची पिशवी उचलत विचारते, "काय, झोप झाली का?" ही शेजारीण म्हणजे मावशी. जिन्याचा सेट एकच दिवस मिळाला होता, म्हणून बावीसही मंगळवार ओळीने उरकायचे होते.

पहिला मंगळवार झकास झाला. दुसऱ्याला मावशींनी एक सुस्कारा टाकला. तिसऱ्याला भुवई उडवली. चौथ्याला कमरेवर हात ठेवून अख्खा जिना डोक्यावर घेतला.

"मावशी, कालच्यासारखंच करा ना!" दिग्दर्शिका म्हणाली.

"काल तर मी घरी होते!"

"सिनेमातल्या कालच्यासारखं हो. नायक बदलतो, तुम्ही बदलायचं नाही."

"मग मला कशाला बोलावलंत? टेपरेकॉर्डर ठेवायचा!"

मेकअपवाली खुदकन हसली. मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिच्या हातातला कंगवाच गळून पडला.

दुपारपर्यंत वाकून वाकून मावशींची कंबर बोलायला लागली. सुस्कारे संपले, भुवया थकल्या. चौदाव्या मंगळवारी काही करून दाखवायचं त्राणच उरलं नाही. त्यांनी पिशवी उचलली, समोर पाहिलं आणि त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, नायकाचे डोळे खरोखरच तारवटलेत.

"काय, झोप झाली का?"

"झाली, काकू," एवढंच त्याचं ठरलेलं उत्तर. पण तो म्हणाला, "नाही हो. चार दिवस डोळ्याला डोळा नाही. घरी बाळ आलंय."

"अगंबाई! मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"मग आता दोन वर्षं झोप विसर!"

"कट!" दिग्दर्शिका पोट धरून हसत होती. "बाळाचं तेवढं कापून टाकू. पण मावशी, विचारायचं ते असंच!"

मावशी पायरीवर टेकल्या. समोरचा बोलत असताना आपलं वाक्य कधी येतंय एवढीच वाट बघायची, यात तीस वर्षं गेली होती. उरलेले आठ मंगळवार कुणाला काही सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी त्या घरी आल्या. नवऱ्याने सुरुवात केली, "आज बँकेत काय झालं माहितीये?"

एरवी "हं" म्हणून त्या सरळ आत जायच्या. आज समोर खुर्ची ओढून बसल्या. "काय झालं?"

नवरा दचकला. "तुला बरं वाटतंय ना?"

"सांगा की!"

त्याने घसा खाकरला आणि चष्मा सारखा केला. "पुढचं काही तयार नाही गं. मी रोज इथवरच पोचतो."

"मग आठवा सावकाश. मी बसलेय."

गोष्ट काही विशेष नव्हती, चुकीच्या रांगेत पाऊण तास उभं राहिल्याची. मावशी तीनदा "मग?" म्हणाल्या. चौथ्यांदा म्हणायच्या आत दोघांनाही हसू फुटलं.