थुंकायचं लोणी

माझा नवरा लोणी चाखतो. हौसेने नाही, पगार घेऊन. डेअरीत रोज सकाळी खोक्यात नळी खुपसून लोणी काढायचं, जिभेवर घोळवायचं, दोष असेल तर सांगायचा आणि भांड्यात थुंकायचं, हे त्याचं काम. मी तिथेच पॅकिंगला आहे, त्यामुळे काचेतून सगळं दिसतं. हे महाशय थुंकत नाहीत, गिळतात, हेही दिसायचं.

अन्न थुंकणं म्हणजे पाप, हे त्याचं तत्त्वज्ञान. वर उरलेले नमुने डब्यातून घरी आणायचा. अर्धं लोणी पावावर थापून स्वतः खायचा, अर्धं आमच्या कुत्र्याला, लाडोबाला.

हळूहळू घरात रात्रीचा दिवस झाला. नवरा रात्रभर टक्क जागा, दुपारी बसल्या जागी घोरायचा आणि सकाळी जिभेला चव म्हणून नाही. एकदा त्याने खवट खोकं पास केलं आणि ते दुकानातून परत आलं. साहेबांनी शांतपणे सांगितलं, महिनाअखेरीस परीक्षा घेऊ, चुकलात तर गोदामात बदली. घरी येऊन तो जेवलाही नाही. ती जीभ हा त्याचा अभिमान होता. माझाही होता, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूत दिवसरात्र सांभाळणारं एक घड्याळ असतं, सतत असं लोणी ओढलं की ते बिघडू शकतं. पण पालथ्या घड्यावर पाणी. लोण्याने कधी कुणाची झोप उडते का, ही सगळी बदलीची काळजी, असं तो उलट मलाच समजावत बसला.

मग शेजारच्या काकू तक्रार घेऊन आल्या. लाडोबा रात्रभर जिन्यात येरझाऱ्या घालतो म्हणे. दिवसा मात्र तो चपलांच्या ढिगावर लोळत पडलेला, पोस्टमन आला तरी कान हलवत नव्हता. माझं डोकंच फिरलं.

"अरे, याला कसली काळजी आहे? याची कुठे बदली होणार आहे?"

नवऱ्याने लाडोबाकडे पाहिलं. लाडोबाने जांभई दिली. पाठोपाठ नवऱ्यानेही दिली. मग मुकाट्याने उठून त्याने डबा धुऊन फडताळात ठेवून दिला.

दोघांनाही उकडलेल्या भाज्या सुरू झाल्या. आधी लाडोबा सुधारला. एका सकाळी तो पोस्टमनवर असा भुंकला की मला त्याचे लाड करावेसे वाटले. कुत्र्याला जमतं आणि आपल्याला नाही, हे नवऱ्याला भलतंच झोंबलं. तोही वेळेवर झोपू लागला. राहिलं थुंकणं. जित्याची खोड ती! मी बेसिनपाशी पहारा देऊन सराव करून घेतला.

परीक्षेच्या सकाळी साहेबांनी ताटल्या मांडल्या. एका ताटलीत जेमतेम खवटायला लागलेलं लोणी होतं. अख्खं पॅकिंग काचेला चिकटलं. नवऱ्याने पहिला घास जिभेवर घेतला आणि त्याचा गळा हलला. संपलं, मला वाटलं. पण तो थांबला, वाकला आणि थुंकला. मग दुसरी ताटली, मग तिसरी. शेवटी मधली एक त्याने बोटाने पुढे सरकवली.

साहेबांनी विचारलं, खात्री आहे?

"झोप झालीय साहेब. खात्री आहे."

साहेबांनी ताटली उचलून खालची खूण पाहिली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मी काचेमागे टाळ्या पिटत होते. नवऱ्याच्या थुंकण्याने ऊर भरून आलेली बाई जगात मी एकटीच असेन.