तुळईखालचे चौदा दिवस

साहेब, सात दिवस तुम्ही गिळलेत. मुकादमाच्या तोंडावर, भर ऑफिसात, कॉम्प्युटरवरच्या वेळापत्रकातली टेकूंची पट्टी मागे ओढून. मी दारात उभा होतो. सेंटरिंगचा, म्हणजे ओल्या काँक्रीटखाली फळ्या-टेकू लावणारा सुतार, म्हणून मला कोणी हिशेबात धरलं नाही.

ती पट्टी मुकादमाने आखलेली. तीस वर्षं इमारती उभ्या केलेल्या माणसाला तुम्हीच नवशिक्यांच्या वर्गात बसवलंत. काम कसं आखायचं ते म्हणे शिकायचं होतं! शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आधी सगळी कामं लिहा. मग कुठलं काम कुणावाचून अडतं ते बघा. मग दिवस घाला."

मुकादम हसत परत आला. "मिस्त्री, हे तर मी रोजच करतो की! फक्त डोक्यात करत होतो."

जेवणाच्या सुट्टीत त्याने आपण बांधत होतो ती अख्खी शाळा कागदावर उतरवली, मग ऑफिसात कॉम्प्युटरवर चढवली. मोठ्या वर्गाच्या लांब तुळईखाली टेकू: एकवीस दिवस.

उद्घाटनाची तारीख ठरली आणि तुम्ही म्हणालात, "चौदा कर."

"साहेब, माणसं वाढवली तर प्लास्टर लवकर होईल. काँक्रीट लवकर पक्कं नाही व्हायचं. खपली ओढली म्हणून जखम भरते का?"

"मला शिकवतोस?"

"शिकायला तुम्हीच पाठवलंत."

दुसऱ्या दिवशी मुकादमाला गोदामाच्या राखणीवर बसवलं आणि चौदाव्या दिवशी टेकू काढायचा हुकूम माझ्याकडे आला. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी गोदामाकडे गेलो.

"काय करू, मुकादम?"

"तू नाही काढलेस तर दुसरा कोणी धसमुसळा काढेल. मधल्या टेकूपासून सुरू कर, भिंतींकडे जा. घण घालू नकोस."

एवढं बोलून तो उठला, माझ्याबरोबर आला आणि नेमका तुळईखाली उभा राहिला.

"अहो, बाजूला व्हा! डोकं फिरलंय का तुमचं?"

"मी खाली असलो की तुझा हात सावकाश चालेल."

चालला. शेवटचा टेकू निघाला तेव्हा माझा शर्ट पिळण्याइतका भिजला होता. तो मात्र वर बघत होता, आजारी पोराकडे बापाने बघावं तसा.

तुळई पडली नाही. फीत कापली, फोटो निघाले. महिन्याने मधोमध केसाएवढी भेग दिसली. तुम्ही रंग मारलात; ती रंग फाडून वर आली. तेव्हापासून दर सोमवारी, मुलं यायच्या आधी, मुकादम शिडीवर चढतो, भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारतो, तारीख घालतो. सहा रेघा झाल्यात. सहावी पाचवीच्या चार बोटं पुढे आहे. त्याने तुम्हाला तीन अर्ज दिले. तुम्ही पोचसुद्धा दिली नाहीत.

टेकू माझ्या हातांनी निघाले. माझा गुन्हा मी इथे लिहून दिला आहे, तुमचा तुम्ही लिहा, नका लिहू. पण त्या तुळईखाली आत्ता बेचाळीस मुलं बसली आहेत. तो वर्ग आज रिकामा करताय की नाही? एका शब्दात सांगा.