तेओसाठी आलेला फोन

"संगणक इथेच राहील. फोनसुद्धा," कर्मचारी विभागातली बाई म्हणाली. "आवाराबाहेर पडायला अर्धा तास आहे तुमच्याकडे. सोबत कुणी देऊ?"

"एकतीस वर्षं काढलीत इथं, बाई. रस्ता माहीत आहे मला," वेंडेल ग्रब्ज म्हणाला.

ऑटर्स या बेसबॉल संघासाठी गावोगाव हिंडून नवे खेळाडू हेरणाऱ्या विभागाचा तो प्रमुख. ऑगस्टमध्ये संघ विकला गेला. नव्या मालकानं पहिल्याच सभेत सांगितलं होतं, "कुणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही." आणि हा शहाणा त्यावर विसंबून राहिला! जुन्या म्हाताऱ्या मालकाचा शब्द म्हणजे शब्द असायचा, तीच सवय नडली.

बाईच्या हातातल्या यादीतलं दुसरं नाव त्यानं वाचलं. तेओ आरिएता, त्याचा उजवा हात.

"याला कशाला काढता? अहो, याच्यासारखी नजर अख्ख्या राज्यात कुणाची नाही."

"मला फक्त यादी मिळालीय, मिस्टर ग्रब्ज."

सप्टेंबरात दुसऱ्या एका संघाचा फोन आला होता. तेओला आमच्याकडे विभागप्रमुख करायचंय, मुलाखतीला बोलावू का? या धंद्यातली रीतच तशी. करारातल्या माणसाशी बोलायचं तर आधी त्याच्या वरिष्ठाची परवानगी घ्यायची, आणि बढती असेल तर सहसा कुणी अडवत नाही. वेंडेलनं तिथल्या तिथं नकार दिला. तेओशिवाय त्याचं पान हलत नव्हतं ना! तेओला त्यानं विचारलं नाही, की नंतर सांगितलंही नाही. ती जागा गेल्याच आठवड्यात भरली.

तेओ बाहेर गाडीपाशी भेटला.

"तुमचाही नंबर लागला? माझी तर दोन मिनिटांत बोळवण केली," तो उसनं हसत म्हणाला. "मारीसेलला अजून सांगितलं नाही. सातवा महिना चाललाय तिला, आणि नोकरीबरोबरचा दवाखान्याचा विमा या महिनाअखेरपर्यंतच."

गप्प राहता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण वेंडेलला ते जमेना.

"तेओ, तुला बोलावणं आलं होतं. सप्टेंबरात. प्रमुख म्हणून. मी नाही म्हटलं."

"काहीतरीच काय! कुणाचं बोलावणं?"

वेंडेलनं संघाचं नाव सांगितलं. तेओचं हसू मावळलं.

"त्याच गावात मारीसेलची आई राहते," तो म्हणाला.

"मला वाटलं, तू इथंच राहावंस. माझ्यामागं ही खुर्ची तुलाच..."

"तुम्हाला वाटलं! मला एकदा विचारायचं तरी होतं, वेंडेल."

"चुकलं रे माझं. शिव्या घाल, पण काहीतरी बोल."

तेओ वळला. गाडीत बसला आणि कितीतरी वेळ नुसता समोर बघत राहिला. आता काच खाली करेल, मग करेल, म्हणून वेंडेल उभाच होता. शेवटी तेओनं हलकेच हॉर्न वाजवला. आपण वाट अडवून उभे आहोत हे तेव्हा कुठं वेंडेलच्या लक्षात आलं. तो बाजूला झाला. जाताना तेओनं हात वर केला, फाटकावरच्या पहारेकऱ्याला करतात तसा.