डाव्या बाजूचे ठिपके

कागदावरचं मैदान एकशे पाच मिलिमीटर लांब होतं, म्हणजे एका मीटरला एक मिलिमीटर. त्यावर शिसपेन्सिलीने काढलेले एकोणीस ठिपके डावीकडे, मध्यरेषेच्या आसपास दाटीवाटीने बसले होते. त्यातला सर्वांत मागचा ठिपकाही रेषेपासून अकरा मिलिमीटरच्या मागे गेलेला नव्हता. श्यामलाने पट्टी लावून ते दोनदा मोजलं आणि पट्टी बाजूला ठेवली.

बापूरावांचं शनिवार पेठेतलं फ्लेक्स छापायचं दुकान रविवारी बंद असे, म्हणून संगम फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांची बैठक तिथे भरे. गुंडाळ्या भिंतीला टेकवून चार प्लास्टिकच्या खुर्च्यांपुरती जागा होई. शाईचा उग्र वास सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

यंदा बारा संघांत संगम अकरावा आला होता. क्लबच्या नव्या व्यवस्थापकांनी पाठीराख्यांकडून एक पानाचं पत्र मागवलं होतं: संघ पुन्हा उभा करायचा तर काय बदलावं? मागच्या वर्षी याच मंडळींनी गोलकीपर बदला असं लिहिलं होतं, आणि पंधरा दिवसांत तो गोलकीपर सामान आवरून गेला होता. त्यामुळे या वेळी बापूराव पेनाचं टोपण काढायलाही वेळ लावत होते.

"फॉरेनचा स्ट्रायकर आणा," हिंदुराव म्हणाले. लोहगावात त्यांची शेती होती, आता तिथे तीन इमारती उभ्या होत्या, पण आवाज अजून बांधावरचाच होता. "गोल हुत न्हाईत, हेच दुखणं हाय."

"आणू की," बापूराव म्हणाले. "तुमच्या इमारतीत एक फ्लॅट द्या त्याला. सकाळी तुम्हीच उठवा."

"फ्लॅट देतो. उठवायचं तुम्ही बघा."

"काका, गोल होत नाहीत हा इश्यू नाहीये," शेफाली म्हणाली. ती खराडीच्या एका कंपनीत आकडेवारीचं काम करायची आणि मांडीवरच्या लॅपटॉपवरून नजर क्वचितच उचलायची. "आपण चौतीस गोल खाल्लेत. त्यातले एकोणीस एकाच बाजूने. डावीकडून. आणि एकोणीसच्या एकोणीस वेळा बॉल घालवलाय तीन नंबरने. इट्स सो क्लिअर."

तीन नंबर म्हणजे रणजित, डावा बचावपटू. चंद्रपूरहून आलेला, एकवीस वर्षांचा. त्याचा करार याच महिन्यात संपत होता.

हे आकडे श्यामलाच्याच पद्धतीने आले होते. खडकीच्या एका प्रयोगशाळेत ती मापं तपासायची. दुसऱ्यांची मापनयंत्रं किती चुकतात, हे सांगणं हेच तिचं काम. पाठीराख्यांनाही तिने शिस्त लावली होती. प्रत्येक सामन्यात चौघांनी मैदानाच्या चार बाजूंना बसायचं. गोल खाल्ला की चेंडू जिथे हातचा गेला तिथे ठिपका काढायचा आणि शेजारी तो घालवणाऱ्याचा नंबर लिहायचा. एकमेकांत बोलायचं नाही. सामना संपला की चारही कागद श्यामलाकडे जात, आणि चौघांचं जुळलं तरच नोंद पक्की होई.

"मग ठरलं तर," बापूराव म्हणाले. "रणजितला सोडावं. दुसरा डावा बचावपटू आणावा. लिहू?"

"लिहा," हिंदुराव म्हणाले. त्यांचा आवाज अचानक उतरला होता.

"एक मिनिट," श्यामला म्हणाली.

तिने कागद टेबलावर सरकवला. "रणजित बचावात खेळतो. तो असतो इथे." तिने पेन्सिलीचं टोक आपल्या गोलाच्या बाजूला टेकवलं. "ठिपके आहेत इथे. मध्ये पंचवीस मीटर अंतर आहे. एकोणीस वेळा तो इतका पुढे काय करत होता?"

मग ती हिंदुरावांकडे वळली.

"हिंदुराव, शेवटच्या सामन्यातला दुसरा गोल आठवतोय? तुम्ही त्याच बाजूला बसला होतात."

"आठवतो की."

"रणजित कुठे होता?"

हिंदुरावांनी टोपी काढली, आतून पाहिली आणि पुन्हा घातली. "त्यो मागं हुता. बॉल गेल्यावर जीव खाऊन पळत सुटला बिचारा."

"मग बॉल कुणाकडून गेला?"

"ताई, आता तुमाला काय सांगायचं?"

सांगायची गरज नव्हती. डावीकडे मध्यरेषेवर चार नंबर खेळायचा. चार नंबर म्हणजे कर्णधार, दिग्विजय, अकरा वर्षं संगमचा शर्ट घातलेला. आणि श्यामलाचा सख्खा धाकटा भाऊ.

शेफालीने लॅपटॉप मिटला. "सॉरी, ताई. शीट तुमच्याकडे येणार होती ना. तुमच्याच हातात त्याचं नाव कसं द्यायचं? मला वाटलं, मी एकटीच तसं लिहितेय. बाकीचे तिघं करेक्ट लिहितील, मग माझं जुळणार नाही, आणि प्रश्न मिटेल."

"मलाही तसंच वाटलं," बापूराव म्हणाले. या वेळी त्यांना पुढे जोडायला टोमणा सापडला नाही.

हिंदुरावांनीही होकारार्थी मान हलवली.

श्यामलाने पिशवीतून स्वतःचे कागद काढले आणि तिघांच्या कागदांशेजारी ठेवले. तिच्याही कागदांवर डावीकडच्या प्रत्येक ठिपक्याशेजारी तीनच लिहिलेलं होतं. पहिल्यांदा लिहिताना तिने स्वतःला समजावलं होतं की पास दिग्विजयचा असला तरी पुढे येऊन तो घ्यायला हवा होता रणजितने. पुढे पुढे समजावण्याचीही गरज पडेना. घरी चारही कागद जुळलेले पाहून तिला आश्चर्य वाटायला हवं होतं. तिला हायसं वाटलं होतं.

प्रयोगशाळेत एखाद्याने असे कागद आणून दिले असते, तर तिने ते त्याच पावली परत केले असते.

"आपण असं करू," बापूराव घसा साफ करत म्हणाले. "नाव कुणाचंच नको. 'डावी बाजू भक्कम करावी', एवढंच लिहू. व्यवस्थापक शहाणे असतील तर समजतील."

"आणि शहाणे नसतील तर?" शेफालीने विचारलं.

"तर पुण्यात नवीन असतील."

"तसं लिहिलं तर ते रणजितलाच काढतील," श्यामला म्हणाली. "करार त्याचा संपतोय. दिग्विजयचा अजून वर्षभर आहे."

सूचना वाईट नव्हती, हे तिला कळत होतं. त्या एका ओळीत कुणी खोटं बोललं नसतं. तिने पेन्सिल घेतली आणि एकेका ठिपक्यावर थांबत, तिघांना विचारत, नंबर खोडून पुन्हा लिहायला सुरुवात केली. हा? चार. हा? चार. हा खरंच रणजितचा, त्याचा पाय घसरला होता. हा? इथे हिंदुराव जरा थांबले, मग म्हणाले, "चारच." शेवटी चौदा ठिपक्यांशेजारी चार आला आणि पाच ठिपक्यांशेजारी तीन. त्या चौदांपैकी अकरा ठिपके साठाव्या मिनिटानंतरचे होते.

पस्तिशीतल्या माणसाचे पाय साठ मिनिटं चालतात आणि मग चालत नाहीत, यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. दोन हंगामांपूर्वीच तिच्या हे लक्षात आलं होतं. पण प्रत्येक सामन्यानंतर दिग्विजय जेवायला यायचा आणि पहिला घास घ्यायच्या आधी विचारायचा, "ताई, तुझा कागद काय म्हणतो?" आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, "अजून पुरा व्हायचाय." तो हसायचा आणि भात कालवायचा. मागच्या महिन्यापासून त्याने विचारणं सोडून दिलं होतं. त्याचा अर्थ लावायचंही तिने टाळलं होतं.

"ताई," हिंदुराव हळूच म्हणाले, "आपलाच पोरगा हाय त्यो. आमीच खांद्यावर घेऊन नाचलोय त्याला. ह्ये पत्र गेलं तर त्याला काय वाटंल?"

"पत्र जायच्या आधी त्याला कळेल. आज दुपारी तो जेवायला येतोय."

"आणि पत्रात नाव घातल्याचा राग आला तर?"

"तर माझ्यावर येईल. कागद माझ्याकडेच येत होते."

बापूरावांनी पेनाचं टोपण काढलं, कोरं पान समोर ओढलं, वर तारीख घातली आणि थांबले. नेहमी ते स्वतःच वाक्य जुळवून मग सगळ्यांना वाचून दाखवत. आज त्यांनी श्यामलाकडे पाहिलं. "आपण सांगा. मी लिहितो."

ती बोलू लागली तेव्हा आवाज प्रयोगशाळेतला अहवाल वाचताना असतो तसाच, सपाट निघाला.

"लिहा. रणजितचा करार वाढवावा. आणि दिग्विजयने आता खेळणं थांबवावं."