पाहणी सुरू आहे

मी एक जुनी लोखंडी कप्पी आहे. आर्णीजवळच्या एका तांड्याच्या विहिरीवर मी टांगलेली आहे. मित्रांनो, आठ वर्षे झाली तरी मी झिजलेली नाही, आणि याचीच मला लाज वाटते.

मी १९५९ साली इथे आले. तेव्हा तांड्यात नारू होता. माणसांच्या पायातून दोऱ्यासारखी लांब अळी निघे. बायका विहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवीत, आणि तेच पाणी घरोघर प्यायले जाई. उपाय शोधायला तीन विद्यांचे तीन जाणकार एकत्र आले. डॉक्टर दीनानाथांनी पाणी तपासले. इंजिनिअर नरहरांनी पायऱ्या बुजवून मला बसवले. शोभाताईंनी लोकांच्या चालीरीती लिहून घेतल्या. मला हार घातला, नारळ फोडला. मी अगदी हुरळून गेले होते!

तेवढ्यात तांड्यातली सुखीबाई पुढे आली.

"सायब, पायऱ्या बुजवल्या, बरं केलं. पण पाण्यानं भरला पितळी गुंड एकलीनं डोक्यावर कसा घ्यावा? आमी तो वरच्या पायरीवर ठेवून मंग डोक्यावर घेत होतो. इथं छातीएवढा ओटा बांधून द्या."

डॉक्टर म्हणाले, हे बांधकामाचे काम. इंजिनिअर म्हणाले, हा सवयीचा प्रश्न. शोभाताईंनी वहीत लिहिले, 'बायकांना जुनी पद्धत सोडवत नाही.' जाताना त्या तिघांनी पाटी लावली: 'पाहणी सुरू आहे. विहिरीत कोणताही बदल करू नये.'

तांड्याचे नाईक फुलसिंग यांनी ओट्यासाठी दगड आणले होते. पाटी वाचून घेतल्यावर ते म्हणाले, "सरकारी काम हाय. हात लावाचा नाही." दगड पाटीखालीच राहिले.

सुखीबाईची सून जमनी शेतातून सवड काढून एकटीच पाण्याला येई. दोर ओढून गुंड भरी, दोनदा उचलून पाही आणि शेवटी ओतून देई. मग ती नाल्यावर जाऊ लागली. तिथे उंच दरडीवर गुंड ठेवता येई. हळूहळू सगळ्याच तिकडे गेल्या, आणि नाल्याच्या डोहात पुन्हा पाय बुडू लागले.

वर्षभराने जमनीच्या घोट्यातून नारू निघाला. ओढताना तुटला. पाय सुजला, आणि कायमचा आखडला.

ते तिघे एकदाच परत आले. 'उपाय योग्य होता, लोकांनी वापरला नाही,' असे लिहून गेले. पाटी काढायची राहून गेली.

मित्रांनो, मला तेल घालू नका, रंगही देऊ नका. उद्या तुम्ही शिकून मोठे झालात, तर गुंड उचलणारीला आधी विचारा. पण माझे कोण ऐकणार? सुखीबाईचेही कुणी ऐकले नाही. जमनीला चालवत नाही, म्हणून आता म्हातारपणी सुखीबाईच गुंड घेऊन माझ्यासमोरून नाल्यावर जाते.